सी ड्राइव्ह भरला, स्कॅनिंग थांबलं : प्रकल्प नोंदी

६ जून, शनिवार

काल रात्री बाबांचं स्कॅनिंग रोल १७ च्या शेवटच्या फ्रेमवर थांबलं. पट्टी नीट बसवलेली होती, स्कॅनर चालू होता, आणि मध्येच "डिस्कवर जागा नाही" असा संदेश आला. ती फाइल अर्धवट राहिली, उघडतही नाही. सी ड्राइव्हवर २३७ पैकी १.१ जीबी मोकळे.

बाबा गेले काही महिने जुन्या निगेटिव्ह स्कॅन करताहेत. १७ रोल, ५९३ फ्रेम झाल्या. अजून ४० रोल डब्यात आहेत. काम अर्ध्यावर सोडायची त्यांची तयारी नाही आणि माझीही नाही. म्हणून हा प्रकल्प: सी ड्राइव्हवर किमान ८० जीबी मोकळे करायचे, आणि एकही फ्रेम न गमावता करायचे.

आज काहीही डिलीट करायचं नाही, हे सकाळीच ठरवलं. डिस्क भरली की हात आधी डाउनलोड्स फोल्डरकडे जातो आणि दिसेल ते उडवलं जातं. त्याने जागा थोडी मिळते आणि हळहळ जास्त. आधी मोजायचं.

मोजणीसाठी विझट्री हा डिस्कचा हिशेब दाखवणारा प्रोग्रॅम घेतला. इन्स्टॉल करायलाही जागा नको म्हणून त्याची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवरूनच चालवली. ते एकेक फोल्डर उघडून बघत बसत नाही, डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची सूची, म्हणजे एनटीएफएसचं मास्टर फाइल टेबल, थेट वाचतं. त्यामुळे अख्ख्या डिस्कचा हिशेब काही सेकंदांत समोर येतो.

बाबांचा अंदाज होता की विंडोजनेच सगळं गिळलंय. तसं नाही. विंडोज फोल्डर ३० जीबी, दोन्ही प्रोग्रॅम फाइल्स मिळून १७, हायबरनेशनची फाइल (कॉम्प्युटर झोपवताना मेमरीतलं जिथे उतरवलं जातं ती) ६.४, पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची) ५, रिस्टोअर पॉइंट जिथे असतात तो सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन ७, रीसायकल बिन ९. उरलेले १६१ जीबी बाबांच्या यूजर फोल्डरमध्ये आहेत. त्यातले ११८ एकट्या पिक्चर्समध्ये: "निगेटिव्ह" ७१, "निगेटिव्ह कॉपी" ३८, बाकीचे फोटो ९. अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये २७, डाउनलोड्समध्ये १२.

नकाशा बघून बाबा म्हणाले, "अगं, म्हणजे माझ्याच फोटोंनी भरलंय की सगळं. मग काय, फोटो काढून टाकायचे?"

"नाही बाबा. फोटो सोडून बाकी सगळ्याचा विचार आधी करू. आणि फोटोंना हात लावायच्या आधी ते आणखी दोन ठिकाणी ठेवू."

प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा ठरलं: हे पुन्हा बनवता येतं का? येत असेल तर जाऊ शकतं. येत नसेल तर हलू शकतं, जाऊ शकत नाही.

७ जून, रविवार

बाबांचा प्रश्न: डिस्क २५६ जीबीची घेतली होती, मग २३७ का दिसतात? कुणी जागा खाल्लेली नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं आणि तरी त्यालाही जीबीच म्हणतं. या हिशेबाने २५६ चे साधारण २३८ होतात, आणि उरलेला जीबी बूट आणि रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनांत जातो. हा घोळ मिटावा म्हणून आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्ये दुसऱ्या मापाला "गिबिबाइट" हे वेगळं नाव दिलं. विंडोजच्या खिडकीत ते नाव आजही दिसत नाही. या नोंदींतले आकडे विंडोज दाखवतं तसेच लिहिते आहे, म्हणजे पडद्याशी ताळा घालता येईल.

रीसायकल बिन रिकामा करण्यापूर्वी उघडून बघितला. ७४ फाइली, सगळे स्कॅन. बाबांना शेजारी बसवून एकेक दाखवली. फोकस चुकलेले, पट्टी तिरकी बसलेले स्कॅन निघाले आणि त्या सगळ्या फ्रेम पुन्हा स्कॅन झालेल्या होत्या. मग रिकामा केला. ८.९ जीबी मिळाले.

इतकी सावधगिरी का, ते लिहून ठेवते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेल्या फाइलचा मजकूर तिथेच पडून असायचा, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरना तो अनेकदा सापडायचा. ही एसएसडी आहे, म्हणजे काहीही न फिरता चिपवर साठवणारी डिस्क. बिन रिकामा झाला की विंडोज डिस्कला ट्रिमची आज्ञा पाठवतं, "या जागा आता लागत नाहीत" असं कळवतं, आणि डिस्क आपल्या सवडीने त्या पुसून टाकते. त्यानंतर तिथून काही परत मिळेल अशी आशा धरू नये.

मग सेटिंग्जमधून टेम्पररी फाइल्स. जुन्या अपडेटचे अवशेष आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (अपडेट वाटून घेण्यासाठी साठवलेल्या फाइली) मिळून ४.३, टेम्प फोल्डर ३.६. हे सगळं पुन्हा बनणारं आहे, त्यामुळे इथे थांबून विचार करायचं कारण नव्हतं. त्या यादीतल्या "डाउनलोड्स" समोरच्या चौकोनात मात्र खूण करू नये. टेम्पररी म्हणून दाखवतात, पण त्यात माणसाने स्वतः आणलेल्या गोष्टी असतात.

मोकळे: १७.९ जीबी. कॉम्प्युटर लगेच हलका चालायला लागला. एसएसडीत लिहिणं छोट्या पानांत होतं, पण पुसणं अनेक पानांच्या मोठ्या ब्लॉकमध्येच होतं. मोकळे ब्लॉक शिल्लक नसले की डिस्कला आधी जिवंत मजकूर इकडून तिकडे हलवावा लागतो, तेव्हा कुठे नवीन लिहिता येतं. काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते ती यामुळे.

९ जून, मंगळवार

दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, प्रत्येकी १ टीबी (दिसतात ९३१ जीबी, कारण वर लिहिलंय तेच). दोन्हींवर "निगेटिव्ह" आणि "निगेटिव्ह कॉपी" असे दोन्ही फोल्डर जसेच्या तसे कॉपी केले. ९१० फाइली, १०९ जीबी. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची आज्ञा वापरली, कारण मध्ये अडखळली तर ती पुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी काय राहिलं ते सांगते. एका डिस्कला वीस मिनिटांच्या आसपास लागले.

कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं मानलं नाही. पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने मूळ आणि प्रत दोन्हींचे हॅश काढले. हॅश म्हणजे फाइलच्या अख्ख्या मजकुरावरून काढलेला एक लांब आकडा. एक बाइट जरी बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. तपासण्याआधी डिस्क सुरक्षितपणे काढून परत लावली. तसं केलं नाही तर विंडोज नुकतीच कॉपी केलेली फाइल मेमरीतूनच वाचून दाखवू शकतं, आणि डिस्कवर खरंच काय उतरलंय ते कळत नाही.

दोन्ही डिस्कवर ९१० पैकी ९१० जुळल्या.

एक डिस्क इथे राहील, दुसरी दादाच्या घरी जाईल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एसएसडीवर एक, हार्ड डिस्कवर दोन, एक घराबाहेर. नियम पाळला गेला. आता हात लावायला हरकत नाही.

१३ जून, शनिवार

आजचं काम "निगेटिव्ह कॉपी". नाव बघून वाटतं हा फोल्डर सरळ उडवावा: ३८ जीबी, एका झटक्यात अर्ध्याच्या वर मजल. बाबाही म्हणाले, "ती कॉपीच आहे, मीच करून ठेवली होती, मध्ये काही जाऊ नये म्हणून. काढून टाक."

त्यात ३१७ फाइली. म्हणजे ३१७ फ्रेम झाल्या होत्या तेव्हाची प्रत. सगळ्यांची नावं मूळ फोल्डरमध्ये आहेत. आकारही तोच, दोन्हीकडे १२२.६ एमबी. डुप्लिकेट शोधणारी काही साधनं इतक्यावरच थांबतात, नाव आणि आकार जुळला की दुसरी फाइल फालतू. पण मंगळवारचे हॅश हाताशी होतेच, तेच ताडून बघितले.

२९७ जुळले. २० जुळले नाहीत.

पहिल्यांदा वाटलं फाइली खराब झाल्या असतील. उघडल्या, तर दोन्ही बाजू ठीक. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून मोठ्या केल्या. मूळ फोल्डरमधल्या फ्रेमवर धुळीचे ठिपके, ओरखडे, एका कडेला बुरशीचे धागे. "कॉपी"मधल्या फ्रेमवर त्यातलं काहीही नाही.

बाबांना हाक मारली. ते बराच वेळ बघत राहिले. "अरे हो. साफ करायला मी हा फोल्डर घेतला होता. म्हटलं मूळ बिघडायला नको."

या वीसही फ्रेम कृष्णधवल आहेत. रंगीत निगेटिव्हवरची धूळ स्कॅनर स्वतः ओळखतो, कारण इन्फ्रारेड प्रकाश रंगद्रव्यातून पार जातो आणि धुळीवर अडतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं. चांदीही इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे स्कॅनरला धूळ कुठली आणि चित्र कुठलं ते उमगत नाही. मग एकेक ठिपका हाताने काढावा लागतो. रोल ९ मधल्या एका फ्रेमवर बाबांनी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.

आकार तोच का राहिला, हे नीट समजून घेतलं. ४००० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ४००० ठिपके धरून, ३५ मिलिमीटरची एक फ्रेम साधारण ५६७० गुणिले ३७८० पिक्सेल होते. प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. टिफ फाइल (स्कॅन याच प्रकारात साठवले जातात) कॉम्प्रेस केलेली नसेल तर चित्रात काहीही असो, पांढरा कागद असो की माणसांनी भरलेलं अंगण, तिचा आकार जवळपास तितकाच येतो. म्हणजे अशा फाइलींसाठी आकाराची तुलना काहीच सिद्ध करत नाही.

वीस फाइलींच्या नावापुढे "साफ" जोडलं आणि त्या मूळ फोल्डरमध्ये स्वतंत्र ठिकाणी ठेवल्या. दोन्ही बाहेरच्या डिस्कवरही तसंच केलं. उरलेल्या २९७ सी ड्राइव्हवरून डिलीट केल्या, ३५.६ जीबी.

मोकळे: ५३.५. आकडा चांगला आहे, पण आजचा दिवस मला त्या वीस फाइलींसाठी लक्षात राहील. मंगळवारी हॅश काढले नसते तर आज मी बाबांच्याच सांगण्यावरून त्यांचीच मेहनत पुसली असती.

१४ जून, रविवार

अ‍ॅपडेटामध्ये १४ जीबीचा एक फोल्डर: मोबाइलसिंकच्या आत बॅकअप. बाबांच्या आधीच्या आयफोनचा. तो फोन आता चालूच होत नाही. नियम लावला: पुन्हा बनवता येतो का? नाही. म्हणून डिलीट नाही, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर हलवला. हॅश तपासून मगच सी वरून काढला. मोकळे: ६७.५.

डाउनलोड्समध्ये नेहमीचाच पसारा. तीच पीडीएफ तीन-तीनदा, नावापुढे (१) आणि (२) लागलेली, आणि कधीच इन्स्टॉल होऊन गेलेल्या प्रोग्रॅमचे सेटअप. ९ जीबी गेले. एक पाच जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना. पेनड्राइव्ह फॅट३२ चा होता, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, बाकी कितीही जागा असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करण्याआधी विझट्रीची प्रत बाजूला काढली.

डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला आहे हे आज कळलं. तिथली फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. तिथे जागा करायची तर राइट क्लिक करून "फ्री अप स्पेस" घ्यायचं. मग फाइल क्लाउडवर राहते, इथे फक्त तिचं नाव दिसतं. बाबांना दोन्हींतला फरक करून दाखवला, आणि त्यांनी तो मला परत करून दाखवला.

मोकळे: ७६.५.

१६ जून, मंगळवार

विंडोजच्या घरातलं काम. इथे हाताने काहीही डिलीट करायचं नाही.

विनएसएक्सएस हा विंडोजच्या स्वतःच्या भागांचा फोल्डर एक्सप्लोररमध्ये ११ जीबी दिसतो आणि लोक त्यावर तुटून पडतात. त्यातल्या पुष्कळ फाइली हार्ड लिंकने, म्हणजे एकाच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाने, सिस्टीमच्या दुसऱ्या फोल्डरांतही दिसतात. डिस्कवर त्या एकदाच असतात, पण मोजल्या जातात दोनदा. डीआयएसएम या विंडोजच्याच साधनाच्या विश्लेषणाने खरा आकार ७.६ सांगितला. त्याच्याच क्लीनअपने १.८ मिळाले. विंडोजच्या आतला इन्स्टॉलर फोल्डरही फुगलेला आहे, तो तसाच सोडला. त्यातल्या फाइली गेल्या की पुढे प्रोग्रॅम अपडेट किंवा काढून टाकताना अडतात.

हायबरनेशनची फाइल रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम, म्हणून ६.४. पूर्ण बंद केली असती तर सगळी जागा मिळाली असती, पण फास्ट स्टार्टअपही गेलं असतं, आणि बाबांना कॉम्प्युटर पटकन सुरू झालेला आवडतो. पॉवरसीएफजी या आज्ञेने तिचा प्रकार "रिड्यूस्ड" केला. आता ती रॅमच्या २० टक्के, म्हणजे ३.२. पेजफाइलला हात लावला नाही.

जुने रिस्टोअर पॉइंट काढले, शेवटचा ठेवला. ४.५.

मोकळे: ८६.० जीबी. उद्दिष्ट गाठलं.

२० जून, शनिवार

उद्दिष्ट गाठलं तरी समाधान नाही, म्हणून बाबांसोबत पुढचा हिशेब मांडला. ४० रोल, प्रत्येकी ३६ फ्रेम, म्हणजे १४४० फ्रेम. प्रत्येकी १२२.६ एमबी. एकूण १७२ जीबी. जी जागा दोन आठवडे खपून केली तिच्या दुप्पट. म्हणजे वीसेक रोलनंतर पुन्हा हाच प्रसंग.

म्हणून डिस्क सोडून स्कॅनरकडे वळले. बाबा कृष्णधवल फ्रेमही रंगीत मोडमध्येच स्कॅन करत होते. करड्या रंगाला लाल, हिरवा, निळा अशा तीन खोल्या कशाला? १६ बिट ग्रेस्केलमध्ये तीच फ्रेम तीच बारकाई ठेवून एक तृतीयांश होते: ४०.९ एमबी. उरलेल्या ४० रोलपैकी २६ कृष्णधवल आहेत. नवा हिशेब: कृष्णधवल ३७.४, रंगीत ६०.३, मिळून ९८ जीबीच्या आत. एका सेटिंगने ७४ जीबी वाचले, तेही एक फाइल न पुसता.

८ बिटवर उतरायचं का, यावर बोलणं झालं. जागा आणखी अर्धी झाली असती. पण बऱ्याच निगेटिव्ह फिकट झाल्यात, त्यांचा कॉन्ट्रास्ट ताणावा लागतो, आणि ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या. ताणलं की आकाशात पट्टे दिसायला लागतात. १६ बिटच राहील.

टिफ कॉम्प्रेस करूनही बघितलं. पाच रंगीत फाइली घेतल्या. एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशनच्या पद्धतीने त्या लहान व्हायच्या ऐवजी मोठ्या झाल्या. १६ बिट स्कॅनच्या बारीक दाण्यात सारखं सारखं येणारं काही नसतं, आणि ही पद्धत तर पुनरावृत्तीवरच जगते. झिपने थोडी जागा वाचली, पण उघडायला वेळ लागला. सोडून दिलं.

शिवाय फोटो प्रोग्रॅमची प्रिव्ह्यूची कॅशे काढली, ६ जीबी. ती पुन्हा वाढेल, वाढू दे, तिला मर्यादा घालून ठेवली आहे. मोकळे: ९२.

नवे स्कॅन सी वर येणारच नाहीत. स्कॅनरचा सेव्ह फोल्डर थेट बाहेरच्या डिस्कवर केला, आणि दर रविवारी ती दुसऱ्या डिस्कशी जुळवायची. दादा रविवारी येतो, येताना घेऊन येईल.

२१ जून, रविवार

स्टोरेज सेन्स, म्हणजे विंडोजची आपोआप साफसफाई करायची सोय, चालू केलं. रीसायकल बिनची मुदत ६० दिवस, डाउनलोड्स "कधीच नाही". बाबांना मागे वळून बघायला वेळ हवा असतो.

२८ जून, रविवार

मोकळे: ८७.४. प्रिव्ह्यूची कॅशे २.३ जीबीवर येऊन स्थिरावली, बाकीचं एका अपडेटने घेतलं. ठीक आहे.

आज सकाळी रोल १७ ची शेवटची पट्टी पुन्हा बसवली. अर्धवट राहिलेली फाइल आधीच काढली होती. कृष्णधवल रोल, म्हणून १६ बिट ग्रेस्केल, थेट बाहेरच्या डिस्कवर. स्कॅनर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. ४०.९ एमबी.

फ्रेममध्ये एक जिना आहे, आणि जिन्यावर उभी पाच-सहा मुलं. धूळ बरीच आहे. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, चित्र पूर्ण मोठं केलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ठिपके काढायला सुरुवात केली. फाइलच्या नावापुढे "साफ" त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

रोल १८ दुपारनंतर.